पेस्ट बदलली, तरी दोन महिन्यांनी ग्राफिक्स कार्ड पुन्हा तापतंय

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. कार्ड ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलं, काही महिने छान चाललं, मग पंखे किंचाळायला लागले. कूलर उघडून चिप आणि कूलर यांच्यामधली, उष्णता पुढे नेणारी पेस्ट बदलली, तापमान दहा-बारा अंशांनी उतरलं. आठ-दहा आठवड्यांनी पुन्हा जैसे थे. मग आणखी महागडी पेस्ट आणली, पुन्हा तेच. या चक्रात अडकलेल्या बहुतेकांनी एकच आकडा पाहिलेला असतो: गेम चालू असताना कोपऱ्यात दिसणारं जीपीयूचं, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचं, तापमान. त्यावरून दोष कुठे आहे ते कधीच कळत नाही. ८४ अंश धुळीमुळे होतात, वाळलेल्या पेस्टमुळे होतात, मेमरीवर बसवलेल्या चुकीच्या जाडीच्या पॅडमुळे होतात आणि काहीही बिघडलेलं नसताना मे महिन्यामुळेही होतात. दोष सापडतो तो दोन आकड्यांमधल्या फरकात.

उष्णता चिपमधून निघते ती आधी पेस्टमधून, मग कूलरच्या तांब्याच्या तळातून, हीटपाइप या बंद तांब्याच्या नळ्यांमधून, ॲल्युमिनियमच्या पात्यांमधून, पंख्याच्या हवेत, कॅबिनेटमध्ये आणि शेवटी खोलीत. या रस्त्यावर जिथे अडथळा असेल त्याच्या आधी तापमान चढतं आणि पुढे उतरतं. म्हणून कुठल्या दोन टप्प्यांमध्ये फरक वाढलाय ते पाहायचं.

खाली उदाहरणासाठी एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० धरलं आहे. २०२० चं कार्ड, ३२० वॅट, जीडीडीआर६एक्स मेमरी. सेकंड-हँड बाजारात भरपूर फिरतं आणि तापण्याचे जवळजवळ सगळे प्रकार त्यात बघायला मिळतात. तुमचं कार्ड वेगळं असेल तर आकडे बदलतील, पद्धत बदलणार नाही.

आधी मोजमाप, मग स्क्रूड्रायव्हर

एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय घ्या. पाच ओळी लागतील: जीपीयूचं तापमान, हॉटस्पॉट, मेमरी जंक्शन (मेमरी चिपच्या आतलं तापमान), कार्ड ओढत असलेले वॅट आणि पंख्यांचे आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे. पंख्याची टक्केवारी नको, आरपीएमच हवेत. बेअरिंग झिजलेला पंखा ७० टक्क्यांवर सुरू असल्याचं सॉफ्टवेअर बिनदिक्कत सांगतं आणि प्रत्यक्षात रांगत असतो.

सहावा आकडा सॉफ्टवेअर देत नाही, तो आपण मिळवायचा. वायरवाला प्रोब असलेलं साधं डिजिटल थर्मामीटर घ्या आणि प्रोब कार्डाच्या पंख्यांच्या खाली चार-पाच सेंटिमीटरवर लटकवा. कार्ड जी हवा खेचतं तिचं तापमान हवंय, खोलीचं नव्हे. बंद पुढच्या पॅनेलच्या कॅबिनेटमध्ये या दोन्हींत दहा अंशांचं अंतर सहज पडतं.

आता ओव्हरक्लॉक काढा, पॉवर लिमिट (कार्डाची वीज ओढण्याची मर्यादा) १०० टक्क्यांवर ठेवा, आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून पंखे ७० टक्क्यांवर स्थिर करा आणि २० मिनिटं लोड द्या. पाच मिनिटांत दिसणारं तापमान कामाचं नाही. हीटसिंकचं वजनच एवढं असतं की ते पूर्ण तापायला दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि कॅबिनेटमधली हवा त्याहून सावकाश तापते. लोडसाठी फरमार्क हे कार्डावर ताण देणारं सॉफ्टवेअर चालेल. ते कार्डाला सरळ पॉवर लिमिटवर नेऊन बसवतं, त्यामुळे वॅट हलत नाहीत आणि आजचं मोजमाप दोन महिन्यांनंतरच्या मोजमापाशी ताडून बघता येतं. पण मेमरीला ते फारसं राबवत नाही. मेमरीचं तापमान बघायचं तर ४के रिझोल्यूशनवर एखादा जड गेम लावा.

जाता जाता, गेम चालू असताना, जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमधली परफकॅप रीझनची पट्टी बघा; कार्डाचा वेग कशामुळे अडलाय ते ती सांगते. तिथे पॉवरचं कारण दिसत असेल तर क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, तापमानामुळे नव्हे, वीज मर्यादेमुळे कमी झालाय. अशा कार्डाचा कूलर विनाकारण खोलला जातो. तिथे थर्मल दिसत असेल तरच पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

फरक काय सांगतो

हॉटस्पॉट म्हणजे चिपवर पसरलेल्या अनेक सेन्सरपैकी त्या क्षणी सर्वात तापलेला. एनव्हिडियाच्या ३० आणि ४० मालिकेत जीपीयूचं तापमान आणि हॉटस्पॉट यांत पूर्ण लोडवर १० ते १५ अंशांचं अंतर असेल तर कूलर चिपवर नीट बसलाय. २० चालवून घ्या. २५ च्या पुढे गेलं की पेस्टचा थर तरी बिघडलाय किंवा कूलर तिरका बसलाय. एएमडीच्या कार्डांत हे अंतर मुळातच मोठं असतं. तिथे २० ते २५ पाहून घाबरू नका. २०१९ मध्ये आरएक्स ५७०० एक्सटी आलं तेव्हा जंक्शनचे (एएमडीच्या भाषेत हॉटस्पॉटचे) ११० अंश मर्यादेतच आहेत असं एएमडीने स्वतः सांगितलं होतं. एनव्हिडियाच्या ५० मालिकेत हॉटस्पॉटचा आकडा सॉफ्टवेअरला मिळतच नाही. त्यांच्यासाठी थोडं खाली दिलेली दहा सेकंदांची चाचणी.

आकडे कसे वाचायचे ते उदाहरणाने बघू. जीपीयू ७४, हॉटस्पॉट १०१, मेमरी ८८: पात्या आणि पंखे आपलं काम करताहेत, अडथळा चिप आणि तळ यांच्या मध्ये आहे. जीपीयू ८४, हॉटस्पॉट ९६, मेमरी १००: सगळंच एका पट्टीने वर सरकलंय, अंतर मात्र निरोगी आहे. इथे पेस्टला हात लावू नका. धूळ, पंखे, कॅबिनेटची हवा किंवा खोली, यांपैकी काहीतरी आहे. जीपीयू ७०, हॉटस्पॉट ८२, मेमरी १०८: फक्त मेमरीचे पॅड. जीडीडीआर६एक्स ११० अंशांना स्वतःहून मंदावते. तेव्हा गेममध्ये जीपीयूचं तापमान सत्तरीत आणि तरी फ्रेम पडताहेत, असं विचित्र चित्र दिसतं. मूळ ३०६० टीआय किंवा ३०७० यांच्यात साधी जीडीडीआर६ आहे. तिच्या तापमानाची ओळ एचडब्ल्यूइन्फोत येत नाही, त्यामुळे ती शोधत बसू नका.

दहा सेकंदांची चाचणी अशी. कार्ड मोकळं असताना, समजा ४५ अंशांवर, एकदम पूर्ण लोड द्या आणि आलेखाकडे बघा. रेषा दोन-तीन सेकंदांत ७५ ला टेकली आणि मग हळूहळू ८२ ला गेली, तर पहिली उडी पेस्टच्या थरातली आहे. तो थर पातळ असतो, त्यात उष्णता साठायला जागा नसते, म्हणून त्याचा अडथळा लगेच दिसतो. उलट रेषा आधी ५८ पर्यंतच गेली आणि मग दहा मिनिटं चढतच राहिली, तर हीटसिंक तापतोय आणि हवा ती उष्णता उचलत नाहीये. लोड काढल्यावर हेच उलट्या क्रमाने दिसतं: दोन सेकंदांत पंचवीस अंश धाडकन खाली येणं हे पेस्ट गेल्याचं लक्षण.

आणखी दोन गोष्टी पाच मिनिटांत होतात. कॅबिनेटची बाजू उघडा: तापमान दोन-तीन अंशांनीच उतरलं तर कॅबिनेट बरं आहे, सात-आठने उतरलं तर आतली हवा कोंडतेय. मग पंखे १०० टक्के करा: दहा अंश उतरले तर पंख्याचा आलेख (कुठल्या तापमानाला पंखा किती फिरवायचा ते ठरवणारा) फार आळशी ठेवलाय, आवाज दुप्पट होऊनही तीनच अंश उतरले तर उष्णता पात्यांपर्यंत पोहोचतच नाहीये. ड्रायव्हर अपडेट झाल्यावर किंवा विंडोजसोबत आफ्टरबर्नर सुरू व्हायचं राहिल्यावर पंख्याचा आलेख मूळपदावर येतो. ‘अचानक तापायला लागलं’ या तक्रारींपैकी काही एवढ्यावरच मिटतात.

पेस्ट पळते कशी

आता मूळ दुखणं. प्रोसेसरवर तीच पेस्ट चार-पाच वर्षं टिकते, मग ग्राफिक्स कार्डावर दोन महिन्यांत का जाते? प्रोसेसरच्या चिपवर धातूचं झाकण असतं. ग्राफिक्स कार्डात कूलर थेट उघड्या सिलिकॉनवर बसतो. तापल्यावर तांबं सिलिकॉनपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं, आणि चिप खालच्या पॅकेजसकट किंचित वाकते. प्रत्येक वेळी गेम सुरू केला, बंद केला, की मधला थर दाबला जातो आणि सैल होतो. पातळ पेस्ट या दाबाने थोडी-थोडी कडेला सरकते. उघडल्यावर दिसतं ते असं: कडेने पेस्टची गुबगुबीत किनार आणि ऐन मध्यावर टक्कल, जिथून सिलिकॉन आरशासारखं चमकतंय.

ओव्हरक्लॉकने हे वेगाने होतं. तापमानाचा झोका जितका मोठा तितकं प्रत्येक फेरीतलं हलणं जास्त. त्यामुळे प्रोसेसरवर पहिला नंबर काढणारी, मऊसूत पसरणारी पेस्ट इथे हमखास फसते. पहिल्या दिवशीचा आकडा सुंदर येतो, दहाव्या आठवड्यातला नाही. आणि पेस्टच्या तुलनांमध्ये पहिल्याच दिवशीचा आकडा छापलेला असतो.

यावर दोन उपाय चालतात. एक, घट्ट, पसरवायला जिवावर येईल अशी पेस्ट. दुसरा आणि जास्त टिकाऊ, हनीवेलचं पीटीएम ७९५०. ही पेस्ट नव्हे, पातळ फिल्म आहे. साधारण ४५ अंशांना मऊ होते, चिपच्या आणि तांब्याच्या बारीक खाचांत भरते, थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होते. म्हणून ती पळत नाही. लावताना फिल्म दहा-पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर संरक्षक कागद काढताना ती कागदाबरोबरच निघून येते आणि चिडचिड होते. कापताना चिपच्या आकारापेक्षा प्रत्येक बाजूने एखादा मिलिमीटर जास्त ठेवा. पहिल्या दिवशी आकडे थोडे निराश करतील. चार-पाच वेळा तापून-थंड होऊन फिल्म बसली की अंतर कमी होतं. बाजारात याच नावाची नक्कल भरपूर आहे, तेव्हा अगदीच कवडीमोलाने मिळणारा तुकडा टाळलेला बरा.

लिक्विड मेटलचा मोह टाळा. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, आणि ते वीज वाहून नेतं. चिपच्या कडेने बसलेल्या इवल्याशा कपॅसिटरवर एक थेंब ओघळला की कार्डाचा खेळ संपला.

पॅड: अर्ध्या मिलिमीटरची भानगड

मेमरी आणि वीजपुरवठ्याच्या भागावर पेस्ट नसते, सिलिकॉनचे पॅड असतात. ०.५, १, १.५, २, ३ मिलिमीटर अशा जाडीत मिळतात. एकाच कार्डात मेमरीला एक जाडी आणि वीजपुरवठ्याच्या भागाला दुसरी असू शकते. जुना दबलेला पॅड मोजून नवा घेतला तर पातळ येतो. जुन्या पॅडचा जो कोपरा चिपच्या बाहेर राहिलाय, म्हणजे दबलेला नाही, तिथे व्हर्नियर लावा. दुसऱ्याने दिलेली जाडी त्याच कंपनीच्या, त्याच नावाच्या, पण वेगळ्या आवृत्तीच्या कार्डाला लागू होईलच असं नाही.

पॅड पातळ पडला तर मेमरी तापते आणि ते लगेच दिसतं. जाड पडला तर खरी फसगत होते. मेमरीचं तापमान झकास येतं, पण पॅडवर टेकल्यामुळे कूलर चिपपासून केसभर उचललेला राहतो आणि हॉटस्पॉटचं अंतर ३० च्या पुढे जातं. लोक पेस्टला दोष देतात आणि पुन्हा पेस्ट बदलतात. इथे पॅडचा कडकपणाही आड येतो. उष्णता वाहण्याची क्षमता जास्त असलेले, पाकिटावर १२ च्या पुढचा आकडा मिरवणारे पॅड बहुधा कडक असतात. मूळचे पॅड ६ चे असले तरी लोण्यासारखे दबतात. कडक पॅड घ्यायचा असेल तर जाडी तंतोतंत हवी. खात्री नसेल तर थर्मल पुट्टी घ्या. ती कणकेसारखी असते, हवी तेवढी दबते, जाडीचा प्रश्नच येत नाही. प्रत्येक मेमरी चिपवर हरभऱ्यापेक्षा मोठा गोळा, दाबून दोन मिलिमीटरहून थोडा उंच ठेवलेला. कूलर आवळताना जादाची पुट्टी बाजूने बाहेर येईल, येऊ द्या.

३०९० वाल्यांसाठी वेगळी गोष्ट: त्यात मेमरीच्या २४ चिप आहेत आणि त्यातल्या १२ मागच्या बाजूला. मागच्या चिपची उष्णता मागच्या पत्र्याखेरीज जायला जागा नाही. तिथे पुढचे पॅड कितीही बदलले तरी अर्धंच काम होतं. मागच्या पत्र्यावर १२० मिलिमीटरचा पंखा ठेवणं हास्यास्पद दिसतं, पण उपयोगी पडतं.

उघडताना हात कुठे चुकतात

स्क्रूवर वॉरंटीचं स्टिकर असेल तर आधी वॉरंटीच्या अटी वाचा. कार्ड वॉरंटीत असेल आणि हॉटस्पॉटचं अंतर २५ च्या वर असेल, तर स्वतः खोलण्याआधी आकड्यांचे स्क्रीनशॉट घेऊन दावा करणं शहाणपणाचं.

कार्ड काढण्याआधी दहा मिनिटं गेम चालवा. गरम पेस्ट मऊ होते आणि कूलर सुटायला सोपा जातो. मग संगणक बंद, एसएमपीएसचं (वीजपुरवठ्याच्या डब्याचं) बटण बंद, आणि कॅबिनेटचं पॉवर बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज काढून टाका. कार्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. चिपभोवतीचे स्प्रिंगवाले चार स्क्रू शेवटी काढायचे, आणि तेही कर्णरेषेत, प्रत्येकी अर्धा-अर्धा फेरा. कूलर निघत नसेल तर पट्टी खुपसून उचकटू नका, डावीकडे-उजवीकडे अलगद फिरवा. सुटला की लगेच ओढायचा नाही. पंख्यांची आणि दिव्यांची केबल अजून जोडलेली असते. तिचं कनेक्टर बोर्डाला समांतर हलवत काढा, वायर धरून ओढलीत तर बोर्डावरचं सॉकेटच हातात येतं.

पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. घरातलं सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन आणि सुगंध मागे थर सोडतात. कॉफी फिल्टर किंवा धागे न सुटणारं कापड वापरा. चिपच्या कडेच्या कपॅसिटरमध्ये अडकलेली पेस्ट खरवडू नका. ती राहिली तरी बिघडत नाही, कपॅसिटर उडाला तर बिघडतं.

पेस्ट लावायची ती पूर्ण चिपभर, पसरवून. प्रोसेसरवर चालणारा मध्यावरचा ठिपका इथे नको, कारण उघड्या चिपचा एक कोपरा कोरडा राहिला तर हॉटस्पॉट तिथेच उभा राहतो. कूलर बसवून स्क्रू आवळा, मग एकदा पुन्हा काढून ठसा बघा. चारही कोपऱ्यांत सारखा, पातळ, जवळजवळ पारदर्शक थर हवा. एका बाजूला जाड साय दिसली तर त्या बाजूचा पॅड जाड आहे. हे दोनदा काम करायचा सगळ्यांनाच कंटाळा येतो, पण न केल्यास सगळं पुन्हा जोडून, वीस मिनिटं लोड देऊन तेच कळतं. स्क्रूखाली जादा वॉशर घालून दाब वाढवण्याची युक्ती अधूनमधून सुचवली जाते. उघडी चिप कोपऱ्यात तडकायला तेवढं पुरतं.

कूलर मुळात किती पाण्यात आहे

सगळं नीट बसवूनही तापत असेल तर कूलरचीच ऐपत बघावी लागते. त्यासाठी एक सोपा हिशोब आहे. जीपीयूच्या तापमानातून प्रोबवरचं हवेचं तापमान वजा करा आणि वॅटने भागा. समजा हवा ३२ अंश, जीपीयू ७४, ओढ ३२० वॅट. ४२ भागिले ३२०, म्हणजे एका वॅटमागे ०.१३ अंश. हा तुमच्या कूलरचा, त्या आरपीएमवरचा, आकडा. तो जवळजवळ स्थिर राहतो, आणि म्हणून पुढचं सगळं आधीच सांगता येतं. पॉवर लिमिट १५ टक्क्यांनी वाढवली तर ३६८ वॅट, म्हणजे हवेपेक्षा ४८ अंश वर. ३२ च्या हवेत ८०. चाळीसच्या हवेत ८८. या कार्डाचं मूळ लक्ष्य ८३ आहे, त्याच्या पुढे ते क्लॉक खाली आणू लागतं. म्हणजे उन्हाळ्यात हे ओव्हरक्लॉक कागदावरच राहणार, हे स्क्रूड्रायव्हर न उचलता कळलं.

दोन महिन्यांनी याच आरपीएमवर हा आकडा ०.१३ च असेल तर काहीच बिघडलेलं नाही, हवा तापलीय. ०.१६ झाला असेल तर शोधा.

नवं किंवा जुनं कार्ड घेताना कूलर कसा पारखायचा? पंख्यांची संख्या मोजू नका. कार्ड आडवं धरून बाजूने आत बघा. प्लॅस्टिकचं आवरण तीस सेंटिमीटरचं आणि पात्यांचा गठ्ठा त्याच्या दोन तृतीयांश, असा प्रकार स्वस्त आवृत्त्यांत दिसतो. मात्र शेवटच्या पंख्यामागे पात्या आहेत आणि बोर्ड नाही, हवा आरपार जाते, तर ती चांगली रचना आहे. चिपवर टेकणारा तळ सलग तांब्याचा आहे की हीटपाइपच चपट्या करून ठेवल्यात? दुसऱ्या प्रकारात पाइपांच्या मध्ये फटी राहतात आणि कडेचे पाइप चिपला शिवतही नाहीत. सहा पाइपांपैकी चारच कामाला असतात. मेमरी मुख्य तळाला टेकते की वेगळ्या पातळ पत्र्याला? पत्र्याला टेकणाऱ्यात मेमरी हमखास दहा-पंधरा अंश गरम. पाइप पात्यांना सोल्डर केलेत की नुसते भोकातून ठोकून बसवलेत, हेही बघा. बारीक टॉर्च मारली की जोडावर सोल्डरची चंदेरी कड दिसते.

हीटपाइप स्वतःही मरतो, क्वचित. आत थोडं पाणी आणि निर्वात पोकळी असते. तळाशी पाण्याची वाफ होते, लांबच्या टोकाला ती थंड होऊन आतल्या जाळीतून परत येते. केसाएवढी चीर पडली की हवा शिरते आणि पाइप नुसती तांब्याची पोकळ नळी उरतो. लक्षण सोपं आहे: चिप ९५ वर असताना संगणक बंद करून पात्यांच्या लांबच्या टोकाला बोट लावा. ते टोक गार असेल तर उष्णता तिथवर पोहोचलेलीच नाही. दुसरी खूण म्हणजे दिशा. कॅबिनेट आडवं झोपवल्यावर तापमान दहा अंशांहून जास्त बदललं तर आतलं पाणी परतण्यात अडचण आहे. याचं मोठं उदाहरण आरएक्स ७९०० एक्सटीएक्सचं. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या स्वतःच्या आवृत्तीतल्या काही कार्डांचा हॉटस्पॉट ११० ला जाऊन भिडत होता आणि कार्डाच्या दिशेनुसार वागणूक बदलत होती. काही व्हेपर चेंबरमध्ये (हीटपाइपसारख्याच, पण चपट्या पोकळ तळात) पुरेसं पाणीच भरलेलं नव्हतं, हे कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केलं. तिथे जगातली कुठलीही पेस्ट उपयोगाची नव्हती.

कूलर मध्यम दर्जाचा पण हीटसिंक ठीकठाक असेल, फक्त पंखे रडके असतील, तर आवरण आणि मूळ पंखे काढून १२० मिलिमीटरचे दोन चांगले पंखे पात्यांवर केबल टायने बांधता येतात. कार्डावरच्या छोट्या सॉकेटपासून साध्या चार पिनांच्या पंख्यापर्यंत नेणारी ॲडॉप्टर केबल मिळते. जाडी वाढते, खालचे स्लॉट जातात, दिसायला गावठी दिसतं. तापमान आणि आवाज मात्र दोन्ही उतरतात.

ओव्हरक्लॉकची किंमत वॅटमध्ये

चिपची ओढ क्लॉकच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. १८०० वरून १९२० मेगाहर्ट्झ म्हणजे पावणेसात टक्के वेग. त्यासाठी व्होल्टेज ०.९५ वरून १.०५ ला न्यावं लागलं तर चिपची ओढ ३० टक्के वाढते. सात टक्क्यांहून कमी कमाईसाठी तीस टक्के खर्च. वर गरम सिलिकॉनमधून गळणारा प्रवाहही जास्त, म्हणजे तापल्यामुळे आणखी तापणं.

म्हणून मर्यादित ऐपतीच्या कूलरवर उलटी वाट धरा. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेजचा आलेख उघडा. ८५० मिलिव्होल्टचा ठिपका १८०० मेगाहर्ट्झपर्यंत उचला, त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके त्याच पातळीवर सपाट करा आणि टिक मारा. तासभर जड गेम. अडकला किंवा बंद पडला तर १५-१५ मेगाहर्ट्झने खाली या, टिकला तर तसंच वर चढा. प्रत्येक चिपचं नशीब वेगळं, दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे चालत नाहीत.

मेमरीच्या ओव्हरक्लॉकमध्ये एक फसवं वळण आहे. जीडीडीआर६एक्समध्ये चुकलेला डेटा ओळखून पुन्हा पाठवण्याची सोय आहे. त्यामुळे मेमरी हद्दीबाहेर गेली तरी स्क्रीनवर ठिपके दिसत नाहीत, कार्ड बंदही पडत नाही. फक्त फ्रेम कमी होतात. दर १०० मेगाहर्ट्झला बेंचमार्क, म्हणजे वेग मोजून गुण देणारी चाचणी, चालवा. गुण वाढायचे थांबले की तिथून १०० मागे या.

खोलीचा वाटा

हवेचा प्रत्येक अंश चिपवर जवळजवळ जसाच्या तसा चढतो. जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत टिकलेलं ओव्हरक्लॉक अकोला-नागपूरच्या मे महिन्यात ३९ च्या खोलीत पडलं, तर त्यात कार्डाचा दोष नाही. आफ्टरबर्नरमध्ये दोन प्रोफाइल ठेवा, एक थंडीचं, एक उन्हाळ्याचं.

विदर्भात कूलर म्हटलं की आधी वाळ्याचा कूलरच आठवतो, आणि कॅबिनेट त्याच्या तोंडासमोर ठेवण्याचा मोह होतो. कोरड्या उन्हाळ्यात त्याची हवा दहा अंश गार असते, कार्डालाही तेवढा फायदा होतो. पण झोत थेट नको. पंख्याने उडवलेले तुषार बोअरच्या पाण्यातले क्षार घेऊन येतात आणि पात्यांवर पांढरी खरपूड धरते. ती ब्लोअरने निघत नाही. दोन-अडीच मीटर लांब आणि झोताच्या बाजूला ठेवा, खिडकी उघडी राहू द्या. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या दमट हवेने कनेक्टर आणि स्क्रू आधी गंजतात. तिथे कूलर उघडलाच तर कनेक्टरच्या पिनांवर हिरवट डाग आहेत का ते बघून घ्या.

ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. भर्रर्र फिरू दिलं तर बेअरिंग जातं. घरातली धूळ नुसती माती नसते, कापसाचे तंतू असतात. ते पात्यांच्या वरच्या कडेला नमद्यासारखे जमतात आणि वरून बघितलं तर पंख्याआड दिसतही नाहीत.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग (त्यासाठी कार्डं दिवसरात्र राबवली जायची) थांबल्यावर बाजारात आलेलं कार्ड घेतलं असेल तर मेमरीचे पॅड कडक झालेले आणि बोर्डावर तेलकट ओघळ दिसतील. ते पॅडमधलं सिलिकॉन तेल आहे, निरुपद्रवी आहे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॅड मात्र सगळे बदला, आणि पंखे बोटाने फिरवून खरखर ऐका. पंख्याच्या मधल्या स्टिकरवर मॉडेल क्रमांक असतो, त्यावरून तसाच पंखा मागवता येतो.

काम झालं की कागदी चिकटपट्टीचा तुकडा घ्या आणि त्यावर तारीख, हवेचं तापमान, वॅट, आरपीएम, जीपीयू, हॉटस्पॉट आणि मेमरी लिहून कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. फिल्म लावली असेल तर आकडे पहिल्या दिवशीचे नकोत, आठवडाभरानंतरचे घ्या. दहा आठवड्यांनी त्याच पंख्याच्या वेगावर पुन्हा मोजा. हॉटस्पॉटचं अंतर दोन-तीन अंशांनीच हललं असेल तर दार लावून टाका.